कोंड्यावर घेतलेलं मूल

देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला लागून आमचं पाळणाघर होतं. भिंती पत्र्याच्या, वर ताडपत्री, आत आडव्या बांबूला बांधलेल्या झोळ्या. कचऱ्याच्या पहिल्या गाड्या उजाडताना यायच्या आणि वस्तीतल्या बायका त्याच वेळी डम्पिंगवर जायच्या, कारण काच, पत्रा, कोरडा कागद पहिल्या गाड्यांतच मिळतो. म्हणून पाळणाघरही पहिल्या गाडीबरोबर उघडायचं. दुपारी आया अंगावर पाजायला यायच्या. दारात मी पाण्याची बादली आणि साबण ठेवला होता. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कोणी मुलाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. बायका मला शिव्या द्यायच्या आणि हात धुवायच्या.

मी त्याच वस्तीतली. नवरा महापालिकेत झाडूवाला होता. मी चौथीपर्यंत शिकले. पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेने आधी मला झाडायला आणि पोरांची ढुंगणं धुवायला ठेवलं होतं. बाहेरून येणाऱ्या शिक्षिका वासामुळे टिकेनात, तेव्हा संस्थेच्या बाईंनी पाळणाघर माझ्यावर सोपवलं. पुढे पवईच्या खडीच्या खाणीवर, घाटकोपरच्या टेकडीवर, मुलुंडला, अशी आणखी पाळणाघरं निघाली आणि ती माझ्या हाताखाली आली. पाहुणे आले की विचारायचे, तुमच्या कामाचा उद्देश काय. मी सांगायचे, पोरगं जगावं, आईजवळ राहावं आणि सहाव्या वर्षी शाळेत जावं. त्यापेक्षा मोठा उद्देश मला कधी सुचला नाही. हाच पुरा होत नव्हता.

शाळेचं आधी सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. आमची पोरं जवळच्या शाळेत घालायला मी स्वतः जायचे. आंघोळ घालून, तेल लावून, धुतलेले कपडे चढवून न्यायचे. शाळेत घेत होते, नाही म्हणत नव्हते. पण बसवायचे मागे, दाराशी. मी एकदा तिथल्या गुरुजींना विचारलं.

"वासाचं म्हणत असाल तर या, वास घेऊन बघा."

"तसं नाही हो," ते म्हणाले, "तुम्ही स्वच्छ आणता, मी बघतो ना. पण बाकीच्या मुलांच्या आया कटकट करतात. मी तरी काय करू?"

माणूस वाईट नव्हता. खडू वाटताना आमच्या पोरांनाही द्यायचा. पण पोरं दाराशीच राहिली. वर्ष-दोन वर्षं दाराशी बसून पोरगं तिथूनच एक दिवस बाहेर निघून जायचं आणि आईच्या मागे डम्पिंगवर दिसायचं. आमच्या पाळणाघरातलं एकही मूल कधी पुढच्या बाकावर बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता जिच्यासाठी हे सगळं सांगते आहे त्या बाईचं. ती मराठवाड्यातली, दुष्काळानंतर नवऱ्याबरोबर आलेली. काळी, हडकुळी, बोलायला कमी. तिची तीन मुलं गेली होती. पहिलं गावाकडे, दोन इथे. एक हगवणीने गेलं, एक रात्रीत गेलं, कशाने ते कळलंच नाही. चौथा मुलगा झाला तेव्हा मी तिच्या झोपडीत गेले, तर तिने त्याच्याकडे पाठ केली होती. पाजत होती, पण तोंड भिंतीकडे.

"बघ तरी त्याच्याकडे," मी म्हटलं.

"बघितलं की जातंय, अक्का," ती म्हणाली.

आमच्या घरातले देव माझ्या लहानपणीच वडिलांनी नदीत सोडले होते. तेव्हापासून सटवाईबिटवाई मी मानत नाही. पण ती मानत होती. सटवाई पाचव्या दिवशी येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, आणि ज्या घरातली पोरं तिला आवडतात त्या घरातून ती नेत राहते. मग तिला फसवायचं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती नवं मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवते. दुसरी कोणी बाई ते उचलते. आई तिच्याकडे जाऊन म्हणते, सापडलं का तुम्हाला? मग ती दुसरी बाई मूठभर कोंडा देऊन मूल विकत घेते. तेव्हापासून ते तिचं. आईने त्याला माझं म्हणायचं नाही, नवं कापड घालायचं नाही, नाव ठेवायचं तेही किळस येईल असं. पाच वर्षं पुरी झाली की आईने तसाच मूठभर कोंडा, नारळ आणि खण देऊन मूल परत घ्यायचं. आमच्यातल्या म्हाताऱ्यांमध्ये अशी नावं घेऊन जगलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. जी त्या नावांसकट मेली ती अर्थात कोणी मोजली नाहीत.

उकिरडा शोधायची तिला गरज नव्हती. सगळा डोंगर दारात होता. अडचण होती ती विकत घेणारीची. वस्तीतल्या बायका तयार होत्या, पण तिला त्या नको होत्या. तिला आमची मदतनीस हवी होती.

मदतनीस कोकणातली, मालवणकडची. राहायला घाटकोपरला चाळीत. नवरा गिरणीत होता, संप लागला आणि तो घरी बसला, म्हणून ही घराबाहेर पडली. एकच मुलगी, तीही लग्न होऊन डोंबिवलीला. जातीने आमच्यापेक्षा वरची. आली तेव्हा पाण्याची बाटली घरून आणायची आणि पिशवी खिळ्याला उंच टांगायची. मी काही बोलले नाही. कामाला वाघीण होती. महिना-दोन महिन्यांत बाटली आणायची विसरली, मग आठवण झाली तरी आणली नाही. पोरांना ती शिव्या घालून घालून झोपवायची. "गप ऱ्हव मेल्या, तुझ्या बापाशीचा काय जाता रडाक," असं म्हटलं की पोरं खरंच गप व्हायची.

"मावशीच कशाला?" मी त्या आईला विचारलं. मदतनीसाला सगळी वस्ती मावशी म्हणायची.

"सटवाई आपल्या लोकांची घरं हुडकती," ती म्हणाली. "त्यांच्या घरात आपलं लेकरू आसंल असं तिच्या सपनात बी येनार नाही."

मला हसू आलं आणि राग पण आला. म्हणजे देवीलासुद्धा जात पाठ.

मदतनीस मात्र हसली नाही. तिच्याही गावात ही रीत होती. "माझो चुलतो असोच घेतलेलो," ती म्हणाली. "सत्तर वर्सां जगलो. शेवटी शेवटी आमीच कंटाळलो."

मग ते झालं. पाळणाघराच्या मागे, सकाळच्या गाड्या रिकाम्या होऊन गेल्यावर. आईने सूप ठेवलं आणि तोंड फिरवून चालायला लागली. घारी वर फिरत होत्या, म्हणून मी काठी घेऊन उभी राहिले. मदतनीसाने जरा वेळ इकडे तिकडे पाहिल्यासारखं केलं, मग वाकून पोर उचललं.

"अगो, ह्या कोणाचा?" ती मोठ्याने म्हणाली.

"कुनाचं की," आई लांबून म्हणाली. "मला काय म्हाईत. हवं तर घ्या."

"फुकट नको गो बाय. पुढे कटकट नको." मदतनीसाने पदराची गाठ सोडली आणि तिच्या ओंजळीत कोंडा टाकला. "घेतलंय मी. हो माझो झील."

बायका हसल्या. आई पण हसली. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर रोजचं नाटक सुरू झालं. सकाळी ती पोर आणायची आणि मदतनीसाच्या हातात देत म्हणायची, "घ्या तुमचं लेकरू, रातभर ताप दिलाय मला." दुपारी बादलीत हात धुवायची आणि दारात उभी राहायची. "मावशी, तुमच्या पोराला पाजू का?"

"पाज गो, पाज. पगार गावाचो नाय."

"पगार नगं. च्या द्या."

संस्थेच्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, असली अंधश्रद्धा आपल्या केंद्रात कशी चालते. मी म्हटलं, बाई, पोरगं विकलं तेव्हापासून त्याची आई त्याच्याकडे तोंड करून पाजते. वजन वाढतंय. तुमच्याकडे याहून चांगलं औषध असेल तर पाठवा. त्यांनी वजनाची वही मागून बघितली. मी तेव्हाही सटवाई मानत नव्हते, आजही मानत नाही. पण तोंड फिरवून पाजलेलं आणि तोंडाकडे बघून पाजलेलं, यांत फरक असतो.

पोरगं जगलं. रांगलं, उभं राहिलं, चाललं. त्याला हगवण लागली तेव्हा आम्ही मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत बसलो. गोवर आला तेव्हा मदतनीस त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. आई मागून चालत होती, पण दहा पावलं लांब, परक्यासारखी. बोलायला लागला तेव्हा मदतनीसाला आई म्हणाला आणि आईला दाई. कोणी शिकवलं नव्हतं. वस्तीतल्या बायका तिला चेष्टेने दाई म्हणायच्या, दिवसभर तेच ऐकत होता.

मी एकदा तिला विचारलं, "तुला काही वाटत नाही?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "पन पाच वर्सं व्हायला किती ऱ्हायलं आता? मग म्हनंल आई. लई म्हनंल, कंटाळा यील."

पोरगं साडेतीन वर्षांचं असताना गावाकडून निरोप आला. सासू पडली होती आणि दीर जागेवर पाणी सोडायला तयार नव्हता. नवरा-बायकोने जायचं ठरवलं. ती पोराला न्यायला तयार नव्हती. पहिलं मूल त्याच घरात गेलं होतं, त्याच बाजेवर. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत त्या घरात याला नेणं म्हणजे सटवाईच्या हातात देणं, असं तिचं म्हणणं. महिन्याभराचा प्रश्न आहे, तिने मदतनीसाला सांगितलं, तुमचंच आहे, तुमच्याकडे ठेवा. मदतनीस त्याला संध्याकाळी चाळीत घेऊन जाऊ लागली आणि सकाळी परत आणू लागली. नवरा घरी बसून होता, त्याला सोबत झाली.

महिन्याचं वर्ष झालं. वर्षाची दोन झाली. पत्र कोण लिहिणार? वस्तीतलं कोणी त्या बाजूला गेलं तर सांगायचं, नवरा विहिरीच्या कामावर पडला, कंबर गेली, ती हमीच्या कामावर खडी फोडते, येईन म्हणते.

मधल्या काळात मदतनीसाने पोराला पाळणाघरात आणणं बंद केलं. पहिल्यांदा म्हणाली, खोकला झालाय. मग म्हणाली, ह्यांच्याबरोबर राहतो. मग मी विचारायचं आणि तिने झोळीची गाठ बघायची, असं झालं. एका संध्याकाळी घाटकोपरच्या पाळणाघराचं काम आटपून मी सरळ तिच्या चाळीत गेले.

पोरगं दारात बसलं होतं. पायात बूट, केस चप्प, अंगावर निळी चड्डी आणि पांढरा सदरा. नवऱ्याने त्याला मांडीवर घेऊन बुटाची नाडी बांधायला शिकवायला घेतलं होतं. गिरणीतला मोठा, जाडजूड बोटांचा माणूस. नाडी त्याच्याच हातून सुटत होती.

शेजारीण डोकावली. "कोण गं?"

"आमच्या ऑफिसातल्या बाई," मदतनीस म्हणाली.

मी ऑफिसातली बाई झाले. शेजारीण माझ्याकडे बघून हसली. "बघितलात ना भाचा? हिच्या नणंदेचा मुलगा, यांनी दत्तकच घेतलाय. गावाहून आणलाय शिकायला. भारी हुशार. शाळेत पहिल्या बाकावर बसवतात."

मी चहा प्यायले. कपबशी चांगली होती, फुलांची. मग मदतनीस मला जिन्यापर्यंत सोडायला आली. तिथे मी तिला विचारलं.

"नणंदेचा?"

ती खाली बघत राहिली.

"शाळेत नाव कोणाचं लावलंस?"

"ह्यांचा."

"आणि जात?"

"नाव ह्यांचा म्हटल्यावर जात पण ह्यांचीच की, ताई." मग तिने मान वर केली. "तुमी सगळी होतात ना उभी? काठी घेवन तुमीच होतात. मी कोंडो दिलंय आणि घेतलंय. चोरून आणूक नाय. माझो तर माझ्या घरात माझ्या नावान रवता. खोटा काय बोललंय?"

"नणंदेचा बोललीस."

"तेवढा एक," ती म्हणाली. आणि मग हळू: "खरा सांगितलंय असता तर हय रवाक दिल्यानी असता?"

तिचं बरोबर होतं. राहू दिलं नसतं. मी जिना उतरले. राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. एवढी वर्षं मी पोरं धुवून-पुसून शाळेत नेत होते, ती दाराशी बसत होती. हे एक पोरगं नाव बदलून गेलं आणि थेट पहिल्या बाकावर. पोरगं तेच. डोकं तेच. त्याला काही आम्ही जास्त साबण लावला नव्हता.

त्याची आई परत आली तेव्हा कोंड्याची पाच वर्षं उलटून गेली होती, पोरगं सहाव्यात होतं. नवऱ्याला बहिणीकडे ठेवून ती एकटी आली आणि स्टेशनवरून सरळ पाळणाघरात. आणखी वाळली होती, हातांना खडीचे घट्टे. दारातच विचारलं, "मावशी कुठं हायती? माझं... त्यांचं लेकरू मोठं झालं आसंल." आणि हसली. तिच्या पिशवीत खण होता, नारळ होता आणि गावाकडून बांधून आणलेला कोंडा होता. कोंडा इथेही मिळाला असता. तिने तो गावाहून आणला होता.

मदतनीस आत पोरांना खिचडी वाढत होती. तिने हिला पाहिलं आणि हातातला पळा पातेल्यात ठेवला. पुढे येऊन तिने हिच्या तोंडावरून हात फिरवला. "किती बारीक झालंस गो," एवढंच म्हणाली. मग पदर तोंडाला लावून मागच्या बाजूला गेली, ती बराच वेळ आली नाही. खिचडी मी वाढली.

दुपारी सगळं मीच सांगितलं त्या आईला. शाळा, नाव, चाळ, नणंदेचा मुलगा. गोड करून सांगणं मला जमत नाही. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी मदतनीस, ती आणि मी घाटकोपरला शाळेच्या फाटकाशी गेलो. ही जवळची एकुलती बरी साडी नेसली होती आणि पिशवी बरोबर होती. फाटकाच्या पलीकडे मदतनीसाचा नवरा उभा होता. त्याला बायकोने घरी सांगितलं असणार, कारण तो आमच्याकडे बघत नव्हता. हातातली छत्री जमिनीवर टेकवून तिच्या मुठीकडे बघत होता.

शाळा सुटली. पोरांचा लोंढा आला आणि त्यातून हा पळत आला, दप्तर एका खांद्यावर. "बाबा, आज माझं चित्र भिंतीवर लावलं," म्हणत नवऱ्याच्या पायांना मिठी मारली. माझ्या शेजारी ही उभी होती. तिने त्याला ओळखलं की नाही हा प्रश्नच नव्हता. कपाळ, भुवया, सगळं हिचंच. मीच घाबरले, की आता रस्त्यातला कोणीही बघेल आणि ओळखेल.

पोरगं मदतनीसापाशी आलं. हिच्याकडे बघून म्हणालं, "आई, ही कोण?"

खरं सांगते, मदतनीसाने पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला जरासं पुढे ढकललं. हिच्याकडे. द्यायला तयार होती ती. तेवढं तिच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

"म्या दाई," ही म्हणाली. "तू ल्हान व्हतास तवा तुला पाजायचे."

पोराला लाज वाटली. पाजायचं वगैरे त्या वयाच्या पोराला आवडत नाही. ते मदतनीसाच्या मागे गेलं.

"अभ्यास करतुस का?"

"करतो."

"कुठं बसतुस?"

"पहिल्या बाकावर. खिडकीकडे."

तिने मान हलवली. नवरा पुढे आला, पोराचं दप्तर घेतलं आणि पहिल्यांदाच हिच्याकडे बघून बोलला. "तुमी म्हणशात तसा," तो म्हणाला. "आमी अडवूचो नाय."

ती वळली आणि चालायला लागली. आम्ही दोघी बसच्या थांब्यावर येऊन उभ्या राहिलो. एक बस गेली, तिने चढायचं नाव घेतलं नाही.

"अक्का," ती म्हणाली, "माघारी घेतला तर कुठल्या शाळंत जाईल?"

"आपल्या."

"तिथं कुठं बसवतील?"

मी खोटं बोलू शकले असते. "दाराशी," मी म्हटलं. "पण ऐक. दाराशी बसून कोणी मरत नाही. मी भांडते आहे, आज ना उद्या पुढे बसवतील. घेऊन ये त्याला. तुझा आहे. दोन दिवस रडेल, मग तुझ्या मागे मागे फिरेल."

"मरत न्हाई?" ती म्हणाली. "म्या डम्पिंगवर बघते न्हवं, दारातनं उठून आलेली पोरं. त्यांस्नी जित्ती म्हनती का तू?"

"असं प्रत्येकीने दिलं तर आपली पोरं उरतील का?" मी म्हटलं. "नाव बदलून पुढे बसलं म्हणजे आपलं एक कमीच झालं ना?"

"कमी झालं," ती म्हणाली. "माझी लई कमी झाली, अक्का. हे जगून कमी झालं."

दुसरी बस आली. ती चढली, मी तिच्या मागून चढले. मानखुर्दपर्यंत तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. घरी गेल्यावर नारळ फोडून तिने पाळणाघरातल्या पोरांना वाटला. खण माझ्या हाती मदतनीसाला पाठवला. कोंडा शेजारणीच्या कोंबड्यांना घातला. मला वाटलं होतं ती तो खण तरी ठेवेल.

मदतनीसाने खण घेतला आणि पुढच्याच महिन्यात काम सोडलं. तिचं म्हणणं, ती रोज इथे दिसणार, मी रोज इथे येणार, मला जमणार नाही. गिरणी काही सुरू झाली नाही. ती तिघं चाळ सोडून गेली. कोणी डोंबिवली म्हणालं, कोणी कोकण. मी चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर सापडली असती, आणि मग मला कळलेलं मी हिला सांगितलं असतं. त्यापेक्षा न कळलेलं बरं.

मदतनीसाची जागा रिकामी झाली तेव्हा मी हिला घेतलं. संस्थेच्या बाई म्हणाल्या, ही नीट बोलत नाही, मुलांशी कशी राहील? राहिली. कामात मदतनीसाइतकी चलाख नव्हती, पण पोराला उचलताना मानेखाली हात घालायला कधी चुकली नाही. शिव्या देत नव्हती. पोरं तिच्याकडे उगाच गप्प व्हायची. तिला पुढे मूल झालं नाही. नवरा दोन वर्षांनी आला, वाकून चालणारा, आणि लवकरच वारला. मी शाळेशी भांडत राहिले. गुरुजींची बदली झाली, दुसरे आले, त्यांच्याशी भांडले. एका वर्षी आमची दोन मुलं मधल्या रांगेत बसवली. मी ते तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. त्या मुलाचं नाव तिच्या तोंडून त्या दिवसानंतर मी ऐकलं नाही. मी काढलं तर ती उठून झोळी हलवायला जायची.

एकदा संस्थेने शिकायला पाठवलेल्या दोन कॉलेजच्या मुली आल्या होत्या. वस्तीतल्या बायकांशी बोलायचं, त्यांना घरचं विचारायचं, असं त्यांना काम दिलं होतं. त्यातली एक मुलगी हिच्याशेजारी खाली बसली. मुलगी चांगली होती, चटईवर बसायला कचरली नाही. ही एका तान्ह्याला थोपटत होती.

"मावशी, तुम्हाला मुलं किती?" मुलीने विचारलं.

मी चुलीपाशी होते.

"चार झाली," ती म्हणाली. थोपटणं चालूच होतं. "चारीबी गेली."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी धीराचं बोलू लागली. हिने तिला बोट ओठांवर ठेवून खूण केली, हळू बोल, पोर आत्ताच झोपलंय.